स्मरणिकेसाठी

नऊ नंबरचं विचारायला आलास होय?
बस त्या बाकड्यावर. इस्त्री तापलीय, हात सांभाळ.
पन्नास वर्षांची स्मरणिका काढताय म्हणे फोर्ट रोव्हर्सची,
बॅण्ड लावणार, कुंदा वाटणार.
चांगलंच आहे की.

खरं मी मॅच कधी बघितली नाही.
शनिवारी कॅम्पातल्या मैदानावरनं आवाज यायचा,
मराठीत शिव्या, कन्नडात शिव्या,
गोल झाला की मात्र नुसता आ,
त्याला कुठली भाषा म्हणायची?
रविवारी उजाडता गाठोडं यायचं.
माझं फुटबॉल काय ते त्या गाठोड्यातलं.

नऊ नंबरचा शर्ट?
छातीवर झेंडूचा पिवळा डाग, हाराचा.
तेवढाच. दोन बुचकळ्यांत निघायचा.

तू तीन नंबर लिहून घे.
इनास. जांबोटीच्या वरचा कुठला तरी.
पगारी खेळाडूंत सगळ्यात कमी पगार.
सही घेताना सेक्रेटरी म्हणायचा,
तुला काय, नुसतं अडवायचंच ना.
त्याच्या शर्टाची डावी कूस
माझ्या हातनं कधी पांढरी झाली नाही.
सोडा घातला, लिंबू चोळलं, दगडावर आपटलं,
लाल माती धाग्यात जाऊन बसलेली.
बारा वर्षं एकाच कुशीवर पडत राहिला माणूस.
विचारलं एकदा, इतका पडतोस कशाला रे?
म्हणाला, अक्का, मी उभा राहिलो तर बॉल जातो.

सहा नंबर दस्तगीर.
त्याचा शर्ट मागनं फाटून यायचा, कॉलरपाशी,
दर आठवड्याला, तिथंच.
म्हणजे बघ, धरल्याशिवाय आवरत नव्हता कुणाला.
पेपरात नाव आलं दोनदा,
एकदा कन्नड पेपरात, एकदा मराठी,
दोन्हीकडं चुकीचं.
मी निळ्या दोऱ्यानं शिवायची. पांढरा संपलेला असायचा.
त्यानं कधी तक्रार केली नाही,
खरं पुढं पुढं म्हणे प्रेक्षक त्याला निळ्या दोऱ्यावरनं ओळखायचे.
प्रेक्षक म्हणजे कोण, चारपाच पोरं,
तारेच्या कुंपणाला लोंबकळणारी.

आणि इराप्पा. बारा नंबर. राखीव गोलकीपर.
हे नाव तुझ्या यादीत नाही, मला ठाऊक आहे.
त्याच्या शर्टावर काय नसायचं?
लिंबाचे शिंतोडे, हाफटाईमला सरबत तोच करायचा.
आयोडीन. चुना. दुसऱ्यांचं रक्त.
माती तेवढी नाही.
अकरा वर्षं माती नाही.

मग बंदचं वर्ष आलं.
निपाणीजवळ बसा अडवल्या,
मोठा गोलकीपर कोल्हापुरात अडकला,
आणि बारा नंबर आत गेला.
चार गोल खाल्ले. ते अजून सांगतात लोक,
सेक्रेटरीला आजही आकडा पाठ आहे.
किती अडवले ते मोजायला कुणी बसलं नव्हतं.

रविवारी गाठोडं सोडलं,
बाराचा शर्ट वर होता.
दोन्ही कोपरं लाल, पोट लाल, गळ्यात गवत.
मला वाटलं चुकून इनासचाच आला.

आठ वाजता इराप्पा दारात.
एका हाताला पट्टी. चप्पल काढून उभा, देवळात आल्यासारखा.
म्हणाला, अक्का, एक काम होतं,
माझा तेवढा धुवू नको. तसाच दे.
पैसे देतो धुतल्याचे.

खरं मी तो सगळ्यात आधी भिजत घातलेला,
जास्त मळलेला म्हणून.
बादलीत बघितलं दोघांनी.
पाणी विटेसारखं.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
मग त्यानंच बाह्या सारल्या, शर्ट काढला, पिळला,
वाकून दोरीवर घातला.
पांढरा शुभ्र. माझं काम चोख असायचं.

हां.
नऊ नंबरचं काय विचारणार होतास?